छत्तीस तास, एक कुलूप आणि बाबांचा आवाज

माझ्या बाबांचा आवाज मी एकोणीस वर्षांची होईपर्यंत ऐकलाच नव्हता. बाबा मुके नव्हते. उलट धान कापून झालं, खळी रिकामी झाली आणि पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम लागला की होळीपर्यंत ते सारखे बोलत असत. ते आमच्या गावच्या नाट्यमंडळाचे प्रॉम्प्टर होते. स्टेजच्या पुढच्या कडेला कमरेएवढा खड्डा, वर पत्र्याचं झाकण, खड्ड्यात बाबा, हातात नाटकाची वही. आमच्याकडे पाठांतर करायला वेळ कोणाला होता? राजा दिवसभर भातगिरणीत पोती उचलायचा, राणी बांधावर पेंढ्या बांधायची. त्यामुळे राजाचं, राणीचं, खलनायकाचं आणि खलनायकाच्या आंधळ्या आईचं असं सगळ्यांचं बोलणं आधी बाबा बोलत आणि मग ती माणसं तेच हातवारे करून मोठ्यानं म्हणत. बाबांचं खरं कसब वेळेत होतं. नटाचं वाक्य संपायच्या दोन शब्द आधी ते पुढचं वाक्य सुरू करायचे, म्हणजे मध्ये फट पडत नसे. तीन तपं हे असं चाललं होतं, आणि समोर बसलेल्या गावाला बाबांचा आवाज कधी ऐकू येत नसे. खरं म्हणजे यायचा, चांगला दहाव्या ओळीपर्यंत यायचा, पण आम्ही लहानपणापासून तो न ऐकायला शिकलो होतो. शेजारच्या गावचा पाहुणा पहिल्यांदा नाटकाला आला की दचकून विचारायचा, "हे खाली कोन बोलून राह्यलं गा?" आणि आमचे लोक त्याच्याकडे असे बघायचे, जणू त्यालाच काही बाधलं आहे.

आमचं घर तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाला लागून. पहाटे बाबा आणि मच्छीमार सोसायटीतली माणसं जाळं टाकायची, त्याच्या शिशाच्या गोळ्या पाण्यावर पडतानाचा 'छर्र' आवाज म्हणजे आमचा कोंबडा. मग दुपारी बाबा ओसरीत पाय पसरून जाळं विणायला बसत, वही मांडीवर, आणि एकाच खालच्या सुरात सगळी पात्रं वाचत. आई चुलीपाशी. चुलीवर बोटरी मासळीचा रस्सा नाहीतर वांग्यात वाळलेले झिंगे. त्या झिंग्यांचा वास पाळीवरच्या माणसालाही कळायचा, आणि तो माणूस हमखास पाणी प्यायला आमच्याच घरी उतरायचा. बाबांनी वहीतून "नराधमा, माझ्या दृष्टीसमोरून दूर हो!" असं वाचलं की आई मान न वळवता म्हणायची, "होते दूर, पहिले जेवून घ्या." हा माझ्या बालपणातला सर्वोत्तम नाट्यप्रवेश, आणि तो रोज व्हायचा.

आता माझ्याबद्दल. गावात माझी ओळख 'अर्धवट रंजू' अशी होती. डोक्यानं नव्हे, कामानं. शिवणक्लासला गेले, एका झंपराच्या दोन बाह्या शिवल्या आणि अंग शिवायचं राहिलं. टायपिंगला गेले, डावा हात तयार झाला. बी.ए.चं दुसरं वर्ष मी अशा रीतीनं सोडलं की कॉलेजला ते बरेच दिवस कळलं नाही. मला एकाच ठिकाणी बसवत असे, ते म्हणजे मूल गावच्या बाजारातलं सलीमभाईंचं दुकान. सलीमभाई लग्नाची शूटिंग करत. त्यांच्याकडे एक कॅमेरा होता, एक कॉम्प्युटर होता, आणि त्या कॉम्प्युटरवर नवरदेवाला गुलाबाच्या फुलातून बाहेर काढायची विद्या होती. मी काहीतरी निमित्त काढून जायची आणि तासन्‌तास त्यांच्या मागे स्टुलावर बसायची. सलीमभाईंना पोरगी नव्हती, त्यामुळे त्यांना माझा कंटाळा येत नसावा. "बेटा, शिकाचं असंन तं बापाले इचारून ये," ते म्हणायचे.

बापाला विचारलं तेव्हा बापानं दुसरंच ठरवलं होतं. मोहर्लीच्या एका रिसॉर्टात वाघ बघायला आलेल्या पाहुण्यांची नावं रजिस्टरात लिहायला पोरी हव्या होत्या. राहायची सोय, जेवण, वर पगार. सोमवारी सकाळी त्यांची जीप मूलच्या बाजूच्या पोरींना घ्यायला येणार होती. मी रडले, मी जेवले नाही, मी आत्याला मध्ये घातलं. कमलाआत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण, शेजारच्याच घरात राहणारी, गावच्या नाटकातली कायमची नायिका. वय पंचावन्न, तरी पहिल्या अंकात ती नेहमी सोळा वर्षांचीच असायची. तिनंच तो कागद आणला, म्हणजे सलीमभाईंनी तिच्या हाती पाठवला. चंद्रपूरच्या एका कॉलेजात स्पर्धा होती: छत्तीस तासांत छोटी फिल्म. शनिवारी सकाळी सहाला चिठ्ठी मिळणार, रविवारी संध्याकाळी सहाला फिल्म टेबलावर ठेवायची.

बाबांनी तो कागद दोनदा वाचला. वाचायची सवयच होती त्यांना. मग म्हणाले, "पाह्य पोरी. बक्षीस भेटो का नाई भेटो, मले त्याचं काई नाई. एक काम तू पुरं करून टाइमावर देऊन दाखव. देलं तं सलीमभाईच्या दुकानात बसजो, मी तोंडातून शब्द काढणार नाई. नाई देलं तं सोमवारी जीपमधी."

"एक मिनिट उशीर झाला तर?" मी विचारलं.

"नाटकात एक मिनिट उशीर झाला तं पडदा थांबते का?"

झालं. करार ठरला.

शनिवारी सहाला मी आणि सलीमभाई त्यांच्या स्कूटरवरून चंद्रपुरात हजर. थंडीनं माझी बोटं वाकत नव्हती. एका पत्र्याच्या डब्यातून चिठ्ठी काढायची होती. आमच्या चिठ्ठीवर तीन गोष्टी होत्या. पात्र: गावात नव्यानं बदलून आलेली नर्स. वस्तू: कुलूप. वाक्य: 'मला कोणी विचारलंच नाही.' खाली बारीक अक्षरात नियम: वाक्य जसंच्या तसं, आणि पडद्यावर दिसणाऱ्या पात्राच्या तोंडूनच आलं पाहिजे. आज माझा भाचा खिशातल्या फोनवर चहा उकळेपर्यंत फिल्म काढतो, तिला गाणं लावतो आणि जगाला दाखवून मोकळाही होतो. त्याला मी ही चिठ्ठी दाखवली, कारण ती मी अजून जपून ठेवली आहे. तो म्हणाला, "मावशी, एवढंच?" मी त्याला चहा दिला नाही.

गोष्ट मी स्कूटरवर बसूनच रचली. जंगलातली थंड हवा तोंडावर येत होती आणि मी मागून सलीमभाईंच्या कानात ओरडत होते. नर्स गावात येते. गावात एका घराला कायम कुलूप. ती विचारते, आत काय आहे? एक जण सांगतो भूत आहे, दुसरा सांगतो सोन्याचा हंडा आहे, तिसरा सांगतो सरपंचाचं लफडं आहे. शेवटी पायरीवर बसलेला एक म्हातारा म्हणतो, मला कोणी विचारलंच नाही, आणि खिशातून चावी काढतो. कुलूप उघडतं. आत आरोग्य उपकेंद्राची पाटी, खुर्ची आणि नर्सबाईंचंच टेबल. सलीमभाईंनी स्कूटर थांबवली, मागे वळून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बेटा, हे तं लग्नापेक्षा सोपं आहे."

नर्स कमलाआत्या. तिला पांढरी साडी नेसवली तेव्हा ती म्हणाली, "विधवेचं काम असंन तं मी आधीच सांगून ठेवतो, मी रडाचे दोन प्रवेश घेतो." गावकऱ्यांचं काम सोमाकाकांना. सोमाकाका म्हणजे भातगिरणीतला हमाल आणि मंडळाचा राजा. भूत सांगणारा, हंडा सांगणारा, लफडं सांगणारा आणि चावीवाला म्हातारा, असे चारही तेच. एकदा मिशी लावून, एकदा फेटा बांधून, एकदा चष्मा घालून आणि एकदा नुसते. नाटकात त्यांनी एकाच प्रवेशात बाप आणि मुलगा दोन्ही केले होते, त्यामुळे त्यांना यात काही वावगं वाटलं नाही. कुलपाचं घर म्हणून सोसायटीचं जुनं गोदाम घेतलं, जिथे फाटकी जाळी ठेवत. मी संवाद लिहून काढले. आणि आता शूटिंग सुरू करायची तर आत्या कमरेवर हात ठेवून उभी.

"भाऊ कुठी आहे?"

"कायला?" मी म्हटलं.

"कायला म्हणजे? सांगन कोन मले?"

बाबा तलावावरून नुकतेच आले होते, पायाला चिखल तसाच. ते कॅमेऱ्याच्या बाजूला, चौकटीच्या बाहेर, जमिनीवर उकिडवे बसले. मी त्यांच्या हातात माझी वही दिली. आणि काय सांगू, काम असं सरसर झालं की दिवस मावळायच्या आत सगळे प्रसंग संपले! आत्यानं भुवया उडवल्या, सोमाकाकांनी चार वेगवेगळ्या चाली चालून दाखवल्या, कोणी अडखळलं नाही, कोणी विसरलं नाही. आईनं सगळ्यांना कोचईच्या, म्हणजे अळूच्या पानांच्या वड्या तळून दिल्या. कॅमेरा आपल्याकडे वळतोय असं दिसलं की ती झारा तोंडासमोर धरायची. मी त्या रात्री झोपले तेव्हा मनातल्या मनात सलीमभाईंच्या दुकानातल्या स्टुलावर झोपले होते.

रविवारी सकाळी दुकानात आम्ही कॅसेट कॉम्प्युटरवर चढवली. चित्र झकास होतं. मग सलीमभाईंनी स्पीकर लावले.

पडद्यावर कमलाआत्या ओठ उघडत होती आणि आवाज येत होता बाबांचा. "अहो, या घराला कुलूप का?" बाबा म्हणाले. मग दुरून, विहिरीतून आल्यासारखी, आत्या म्हणाली, "अहो, या घराला कुलूप का?" ती 'का' म्हणते न म्हणते तोच बाबांनी सोमाकाकांचं वाक्य सुरू केलेलं. कॅमेऱ्याचा माईक बाबांच्या डोक्यापासून वीतभर लांब होता. सगळी फिल्म अशी. प्रत्येक वाक्य दोनदा, एकदा बाबांचं ठणठणीत आणि एकदा नटांचं पुसट, आणि दोन्ही एकमेकांत असे विणलेले की कात्री घालायला जागा नाही. बाबांनी आयुष्यभर कमावलेलं ते कसब. फट म्हणून नव्हतीच.

मी सलीमभाईंकडे पाहिलं. "तुम्हाला काल ऐकू आलं नाही?"

"अरे बेटा, मी कानाले काई लावतच नाई. लग्नात आवाज कोन ऐकते? वरतून गाणं टाकतो ना मी!" मग ते म्हणाले, "तुले नाई आला ऐकू? तू तं बाजूलेच होती."

होते ना. मी बाबांपासून हातभर अंतरावर होते. आत्या होती, सोमाकाका होते, पाळीवर जमलेलं अर्धं गाव होतं. कोणालाच ऐकू आलं नव्हतं. हा घोळ जगात दुसऱ्या कुठल्या गावात झाला असता असं मला वाटत नाही. पुढे मी याच आवाजाच्या कामावर पोट भरलं. फिल्मच्या आवाजातून पंखा काढायचा, कुत्रं काढायचं, मागून जाणारी मोटार काढायची, हे मी आज करते, आणि नवीन मुलांना पहिल्या दिवशी डोळे मिटून नुसतं ऐकत बसायला सांगते. का ते त्यांना सांगत नाही. इथे सांगितलं.

अकरा वाजले होते. "नवीन करू सगळं?" सलीमभाई म्हणाले. वेळ नव्हता. त्यातून प्रॉम्प्टरशिवाय आत्या एक वाक्य बोलली नसती. "गाणं टाकू?" तेही नाही, कारण ते वाक्य ऐकू यायलाच हवं, आणि दिसणाऱ्या पात्राच्या तोंडून. मी तीच फिल्म पुन्हा लावली. आणि तेव्हा, सांगते काय, मी पहिल्यांदा बाबांचा आवाज ऐकला. म्हणजे त्यात शब्द होते ते सोडून नुसता आवाज. खालच्या पट्टीतला, जरा खरखरीत, कुठेही घाई नाही, आणि नर्सचं वाक्य आलं की किंचित नर्ससारखा, भुताचं आलं की किंचित भुतासारखा. हा माणूस नट होता! खड्ड्यात बसून छत्तीस नाटकांतली सगळी कामं एकट्यानं करणारा नट.

"सलीमभाई," मी म्हटलं, "आवाज काढायचा नाही. आवाजाचा माणूस दाखवायचा."

त्यांना ते कळायला स्कूटर गावात पोचेपर्यंतचा वेळ लागला. पायरीवरचा म्हातारा म्हणजे बाबा. ते पायरीवर वही घेऊन बसले आहेत, बोट ओळीवर फिरतंय, ओठ हलताहेत, आणि गावातला जो तो त्यांनी वाचलेलंच बोलतोय. नर्स सगळ्या गावाला विचारत फिरते, आणि ज्याच्या तोंडचं सगळे बोलतात त्याला मात्र शेवटी विचारते. बस. सोमाकाकांचं चौथं सोंग, तो चावीवाला म्हातारा, तेवढा गळणार होता.

बाबा जाळं धुवत होते. ऐकून म्हणाले, "मी दिसाचं काम करत नाई."

"का पण?"

"मी खड्ड्यातला माणूस आहे. मले लोकाईनं पाहाचं नाई, ऐकाचं नाई, असंच असते ते."

आत्या मध्ये पडली. "भाऊ, पोट्टीचा सौदा तूच केला ना? मंग तिले टाइमावर देऊ दे. तुह्यापाई अडलं तं तुहा शब्द खोटा पडन."

शब्द खोटा पडायची भाषा बाबांना कळायची. त्यांनी हात लुंगीला पुसले, आत जाऊन पांढरा सदरा घातला आणि गोदामाच्या पायरीवर येऊन बसले. वही वाचतानाचे प्रसंग एका झटक्यात झाले, कारण त्यात त्यांना काही वेगळं करायचंच नव्हतं. मग आलं ते वाक्य. आत्या जवळ जाऊन विचारते, "आजोबा, याची चावी कोणाकडे आहे?" आणि बाबा म्हणतात.

पहिल्या वेळी बाबांनी ते वाक्य सवयीनं खालच्या आवाजात, सपाट म्हटलं, आणि आत्याच्या तोंडाकडे बघत थांबले. आणि आत्यानं, तीस वर्षांच्या इमानानं, मोठ्यानं म्हटलं, "मला कोणी विचारलंच नाही!" एवढ्यावर भागलं नाही. कॅमेऱ्यामागे उभ्या असलेल्या सोमाकाकांनीही म्हटलं, छातीवर हात ठेवून.

"आत्या, तू नाही म्हणायचं!"

"अवं, त्यानं सांगतलं, मी म्हटलं! माही का चूक?"

दुसऱ्या वेळी आत्याचा प्रश्न संपायच्या दोन शब्द आधीच बाबा बोलून मोकळे. तिसऱ्या वेळीही तेच. चौथ्या वेळी ते काहीच बोलले नाहीत. नुसते कॅमेऱ्याकडे बघत राहिले आणि त्यांच्या कपाळावर घाम आला. डिसेंबरात. सलीमभाई घड्याळ बघत होते. मग बाबा फार हळू म्हणाले, "पोरी, मले कोन सांगन?"

मी जमिनीवर पालथी पडले, कॅमेऱ्याच्या तिवईच्या पायांमध्ये. वर माईक होता म्हणून आवाज अगदी कमी ठेवला. आत्यानं विचारलं, "आजोबा, याची चावी कोणाकडे आहे?" ती पुरती बोलून होईपर्यंत मी थांबले. मग नुसते ओठ हलवावेत तसं म्हटलं, "मला कोणी विचारलंच नाही." बाबांनी खाली माझ्याकडे पाहिलं. वर आत्याकडे पाहिलं. एक फट गेली, भली मोठी, त्यांनी आयुष्यात कधी पडू न दिलेली. आणि मग ते म्हणाले.

कसं म्हणाले ते मी लिहिणार नाही. सोमाकाकांनी कॅमेऱ्यामागे फेटा काढला, एवढं सांगते.

दोन वाजता दुकानात. मी जोडत होते, सलीमभाई मागे स्टुलावर बसले होते, जागांची अदलाबदल झालेली आमच्या दोघांच्याही ध्यानात आली नाही. बाबा, आत्या आणि सोमाकाका एसटीनं पुढे चंद्रपूरला निघाले, कारण बाबांना वेळ स्वतःच्या डोळ्यांनी बघायची होती. पावणेचारला फिल्म पुरी झाली. कॉम्प्युटर ती एकसंध करून सीडीवर उतरवायला लागला. पडद्यावर निळी पट्टी भरत चालली. पट्टीला टोक गाठायला करंगळीएवढी जागा राहिली आणि लाईट गेली.

लोडशेडिंग. बाजारातलं रसवंतीचं घुंगरू, गिरणीचा पट्टा, सगळं एकदम थांबलं. दुकानात इतकी शांतता झाली की सलीमभाईंनी मनात घातलेली शिवीही मला ऐकू आली. चाळीस मिनिटांनी लाईट आली, आणि ती पट्टी पुन्हा पहिल्यापासून. मग स्कूटर, मग जंगलातला रस्ता, मग धानाच्या बैलबंड्यांची रांग जी हॉर्न ऐकून आणखीच रस्त्याच्या मध्ये आली. आम्ही कॉलेजच्या दारात शिरलो तेव्हा टेबलामागची मुलगी वही मिटून उभी होती आणि भिंतीवरच्या घड्याळात सहा वाजून बारा मिनिटं झाली होती.

"फिल्म दाखवू आम्ही," ती चांगल्या मनानं म्हणाली, "पण स्पर्धेबाहेर."

बाबा घड्याळाखालीच उभे होते. त्यांनी काटा पाहिला, माझ्याकडे पाहिलं, आणि सभागृहात गेले. मी दारातल्या पायरीवर बसून रजिस्टरात वाघ बघणाऱ्यांची नावं लिहायला सुरुवात केली, मनातल्या मनात. सुवाच्य अक्षरात.

आमची फिल्म शेवटी दाखवली. आधीच्या फिल्म शहाण्या होत्या, एकीत तर पाऊस होता. आमची सुरू झाली आणि नर्सच्या आधी बाबांचा आवाज आला तेव्हा सभागृह खो-खो हसलं. मला वाटलं खुर्चीखाली जावं. मग पायरीवर वही वाचणारे बाबा दिसले आणि हसणं एकदम वेगळं झालं. लोक आत्याकडे बघेनात, सोमाकाकांच्या मिशीकडे बघेनात, पुढच्या वेळी तो म्हातारा कधी दिसतो याची वाट बघायला लागले. शेवटच्या वाक्याला कोणी टाळी वाजवली नाही. कुलूप उघडून नर्सचं टेबल दिसेपर्यंत कोणी हललं नाही. मग टाळ्या वाजवल्या, आणि बराच वेळ वाजवल्या. सोमाकाका उठून चारही बाजूंना वाकले.

निवेदकानं मला स्टेजवर बोलावलं. दोन शब्द बोला म्हणाला. माईक माझ्या तोंडासमोर आला आणि माझ्या डोक्यातून मराठी भाषा निघून गेली. समोर अंधारात माणसंच माणसं. मी उभी. माईक उभा.

आणि खालून आवाज आला. बाबा पहिल्या ओळीत बसले होते, सवयीनं, स्टेजच्या कडेला लागून. खालच्या पट्टीतला, खरखरीत, कुठेही घाई नसलेला आवाज.

"नमस्कार मंडळी."

"नमस्कार मंडळी," मी म्हणाले.

"माझं नाव रंजना. ही माझी पहिली फिल्म."

मी म्हणाले.

"फिल्म बारा मिनिटं उशिरा आली, ही आमची चूक."

तेही म्हणाले. वाक्य पुढ्यात आलं की म्हणायचं, हे आमच्या रक्तात आहे.

"पण काम पुरं झालं."

"पण काम पुरं..." मी म्हणत होते, आणि माझं वाक्य संपायच्या दोन शब्द आधी बाबांनी पुढचं सुरू केलं, नाटकी, स्वच्छ, वहीतल्यासारखं: "उद्यापासून मी सलीमभाईंच्या दुकानात काम शिकणार आहे."

"उद्यापासून मी सलीमभाईंच्या दुकानात काम शिकणार आहे," मी माईकमधून सबंध सभागृहाला सांगितलं, आणि सांगून झाल्यावर मला कळलं की मी काय बोलले.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, मुलगी किती आत्मविश्वासानं बोलते. मी खाली पाहिलं. बाबांच्या हातात वही नव्हती. तरी शेवटचा अंक संपल्यावर ती मिटतात तसे त्यांनी दोन्ही तळवे मिटले, मांडीवर ठेवले, आणि पडदा पडायची वाट बघत बसले.